पोकळ झाडाखालची नऊ एकर

मी खाली सही करणारा, वय वर्षे पंच्याऐंशी, वनखात्यातला निवृत्त शिक्केवाला, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटी शेजारच्या खोलीत रोपांच्या पिशव्या भरते आहे आणि बाबा औषधांची यादी करतायत अशी तिची समजूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि हेच शेवटचे.

शिक्केवाला म्हणजे काय, ते वकिलाला कळावे म्हणून सांगतो. तोडायच्या झाडाची थोडी साल काढून तिथे हातोड्याने खात्याचा शिक्का उमटवायचा, हे माझे काम. शिक्क्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही असा नियम. शिक्क्याआधी हातोड्याच्या पाठीने तीनदा ठोकायचे आणि ऐकायचे. भरीव झाड वेगळे बोलते, पोकळ वेगळे. पोकळावर फुली मारून पुढे जायचे. चौतीस वर्षे मी हेच केले.

कलम एक. राहते घर धाकटीला. तिने आईचे शेवटचे दुखणे काढले आणि आता माझे काढते आहे. स्वयंपाकघराचे छप्पर गळते, तेही तिलाच. मागची रोपवाटिका तिचीच आहे, ती मी देणारा कोण. बँकेत असेल ते दोघा भावंडांना निम्मे निम्मे. त्यावरून भांडण व्हावे इतके ते नाही.

कलम दोन. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा भाऊ, लाकडाचा ठेकेदार, याला वाळलेल्या बियांचे सात डबे. कारण त्याला ठाऊक आहे, पण इतरांसाठी लिहितो. निवृत्तीनंतर आम्ही घरामागची नऊ एकर घेतली, ती त्याच्याच माणसांनी भुईसपाट केलेली होती. या जंगलांची माती मुळात गरीब. सगळी श्रीमंती झाडांच्या अंगावर आणि खाली कुजणाऱ्या पानांत. झाडे गेली की दोन पावसाळ्यांत नुसती तांबडी ढेकळे उरतात. तिथे पुन्हा जंगल उभे करायचे असे पत्नीच्या मनात आले आणि तिच्या मनात आलेले माझ्या मनात यायला वेळ लागत नसे.

मी शेतकऱ्याचा मुलगा. बी म्हणजे आधी कडक वाळवायचे, हे मला वेगळे कोणी शिकवावे लागले नव्हते. जंगलातून बिया गोळा केल्या, छपरावर वाळवल्या, डब्यांत भरल्या, वर चिठ्ठ्या लावल्या. पेरल्या. तीन वर्षांत एक कोंब नाही. मेहुणा चारचौघांत म्हणायचा की याचा झाडे मारण्यात इतका हात बसलाय की आता बीसुद्धा सोडत नाही. एके दिवशी धुण्याच्या दगडाजवळ ओल्या गोणपाटात निसटून राहिलेल्या बीला हिरवे टोक आले. पत्नी ते ओंजळीत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, हे धान्य नाही," ती म्हणाली. "हे तान्हं बाळ आहे. याला उन्हात टाकून आपण तीन वर्षं वाट बघतोय."

त्या जंगलातल्या बहुतेक झाडांचे बी वाळले की मरते. पडल्या पडल्या ओल्या सावलीत रुजायचे, एवढेच त्याला ठाऊक. पुढची सव्वीस वर्षे आम्ही ओले बीच लावले. मेहुण्याने ते सात डबे समोर ठेवून खुशाल हसावे. मात्र हसून झाल्यावर मागच्या दाराने नऊ एकरांत एक चक्कर मारावी.

कलम तीन. हे कोणाला वाटून देता येत नाही म्हणून नुसते लिहितो. नोकरीच्या अठराव्या वर्षी मेहुण्याला लाकडाच्या गाडीसाठी वाट हवी होती आणि वाटेत एक जुने पोकळ झाड होते. पोकळाला शिक्का नाही असा नियम, पण मेहुणा घाईत होता आणि मला त्याच्या घरी जेवायला जायचे होते. मी ठोकले. वर काहीतरी हलले. वाळवीने पोखरलेला ढलपा सुटला असेल असे मला वाटले. खरे लिहायचे तर वाटले नाही, मी वाटून घेतले. शिक्का मारला.

वर धनेश पक्ष्याची मादी होती. विणीच्या दिवसांत ती ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसे झडतात, उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणून भरवतो. झाड पडले तेव्हा ती आणि पिल्लू दोघेही गेले.

मी घरी सांगितले नाही. पत्नीला भावाकडूनच कळले. ती चार दिवस सकाळी तिथे जाऊन बसली. चौथ्या दिवशी परत आली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"तो रोज येतो. दार ज्या उंचीवर होतं, तिथेच घिरट्या घालतो, चोचीत फळ घेऊन. त्याला कोण सांगणार?"

नंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही. पण नऊ एकर घेताना तिने तोच तुकडा का निवडला ते मला समजले. त्यावर एकच मोठे झाड उरले होते, माझ्या फुलीचे, ओढ्याकाठचे, पोकळ.

कलम चार. नऊ एकर जमीन, झाडांसह, थोरल्याला. वाचून धाकटीला धक्का बसेल, म्हणून तिने आधी पाणी प्यावे. थोरला माती उपसायचे यंत्र चालवतो, रस्ते करतो. आई गेल्यावर तेराव्या आठवड्यात तो म्हणाला की पामतेलाच्या मळ्यासाठी कंपनी जमीन मागते आहे, देऊन टाकू. धाकटी म्हणाली, तू आईला विकायला निघालास. तो उठून गेला. सहा वर्षे झाली, दोघांत शब्द नाही. जमीन धाकटीला दिली तर जंगल राहील, पण भाऊ राहणार नाही. आणि टपालवाल्याने मला सांगितले आहे की दर वर्षी आईच्या दिवशी एक माणूस मागच्या कुंपणाशी गाडी लावून ओढ्याकाठी बसतो आणि घराकडे न येता निघून जातो. विकायची असती तर तो बसायला आला नसता. माझा अंदाज चुकला तर धाकटीने मला वाटेल ते बोलावे, मी ऐकायला नसेन.

कलम पाच. शिक्क्याचा हातोडा धाकटीला. तो खात्यात जमा करायला हवा होता. हरवला असे मी लिहून दिले, ते खोटे होते. थोरल्यावर अट एकच: शिक्का नसलेले एकही झाड तोडायचे नाही. म्हणजे प्रत्येक झाडासाठी त्याला बहिणीच्या दारात यावे लागेल. तिने दार उघडावे आणि आत घ्यावे. मग दोघांनी झाडापाशी जाऊन तीनदा ठोकावे आणि नीट ऐकावे. माझ्यासारखे वाटून घेऊ नये.

कलम सहा. ओढ्याकाठचे पोकळ झाड सध्या कोणीही ठोकायचे नाही. सात आठवड्यांपूर्वी त्याची ढोली लिंपली गेली. फटीतून चोचीचे टोक मी स्वतः पाहिले आहे. नर दिवसातून अनेकदा फळे आणतो. सव्वीस वर्षांनी आले आहेत ते. पिल्लू बाहेर पडायला अजून महिना-दीड महिना लागेल आणि डॉक्टरीणबाई मला तेवढी मुदत द्यायला तयार नाहीत. मी आधी गेलो तर त्या झाडाखाली गर्दी करू नये. रडायचे ते घरात रडावे. पिल्लू उडाले की दुसऱ्या दिवशी, त्याच झाडाखाली, भावाने जमिनीचा कागद घ्यावा आणि बहिणीने हातोडा. त्याआधी हे दोघांनाही वाचून दाखवू नये.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर हलले आहे, विचार नाही.

ठिकाण: घराची मागची खोली, ओढ्याकडची खिडकी उघडी.
दिनांक: सतरा मे, सकाळ.
सही: शिक्केवाला

साक्षीदार पहिली: दवाखान्यातली डॉक्टरीण. यांची शुद्ध मी तपासली आहे. मुदतीबद्दल लिहिले आहे ते खरे आहे.

साक्षीदार दुसरा: टपालवाला, निवृत्त. सही केली आहे, पण सहाव्या कलमाचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. तीस वर्षे या घरी पत्रे आणून दिली, इथून एकही नेले नाही. थोरल्याकडे हा कागद मी घेऊन जाणार आहे. शिक्केवाले गेल्यावर नाही, उद्या सकाळी. ढोली अजून बंद आहे, बघायला बाप आणि दोन्ही मुले एकत्र बसू शकतात.

वाचले. हरकत नाही. येताना त्याला म्हणावे, गाडी पुढच्या दारी लाव.
सही: शिक्केवाला