अक्काताई डॉट फॅमिली

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. जिनेशअण्णास,

वृषभचा जय जिनेंद्र. तुझी तब्येत बरी असेलच (तुझ्या चटणीच्या पाकिटामागच्या फोटोत गाल वर आलेत, त्यावरून म्हणतो). वहिनी आणि पोरं मजेत असतील. तुझ्या वकिलीणबाईंनी नोटिशीचं उत्तर पंधरा दिवसांत मागितलं होतं, आज सोळावा दिवस आहे. रोज लिहायला बसायचो. पहिले चार दिवस नुसता राग यायचा. मग एका दोस्ताच्या टेम्पोतनं फरशी पोचवायला बेळगावला गेलो, तिथनं काही काम नसताना हुबळीला, आणि परत आल्यावर पेन सापडेना. ते असो.

नोटिशीत विचारलंय की 'अक्काताई' या नावावर माझा काय हक्क किंवा हितसंबंध आहे, ते पुराव्यानिशी कळवावं. नोटीस इंग्रजीत. वाचून दाखवली सयाजीनं (माझा दोस्त, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो, वरच्या खोलीत मी राहतो). वाचताना तो इतका हसला की समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं. अण्णा, अक्काताई माझी आई आहे. तुझी काकू आहे. पुरावा म्हणून रेशनकार्ड जोडलं असतं, पण ते तुमच्याकडं, जयसिंगपूरच्या घरी. त्यात माझं नाव अजून आहे का, तेवढं बघून ठेव.

हे घडलं कसं ते ऐक. दोन महिन्यांमागं निपाणीजवळ एका धाब्यावर जेवत होतो. मालकानं ताटाशेजारी शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट आणून ठेवलं, आणि पाकिटावर आई. डोक्यावर पदर, हसतीय. माझ्याकडं बघून ती अशी हसल्याचं मला तरी आठवत न्हाय. खाली लिहिलेलं, 'अक्काताईंच्या हातची माया, आता घरोघरी'. घरोघरी गेली हे चांगलंच झालं, पण वाटेत एक मीपण होतो की. मी मालकाला म्हणालो, पावणं, ही माझी आई. त्यानं मान वर न करता सांगितलं, "व्हय व्हय, सगळ्यांचीच हाय."

जेवण तिथंच सोडलं (चटणी संपवली, ती चांगली होती) आणि सयाजीकडं आलो. म्हटलं, इंटरनेटवर माझ्या आईच्या नावाचं एक पान काढून दे. त्यानं शोधलं तर डॉट कॉम गेलेलं, डॉट इन गेलेलं, डॉट शॉप गेलेलं. 'अक्काताईची चटणी', 'अक्काताईंची चटणी', कुणी घाईत चुकीचं टाइप केलं तर ते नावसुद्धा तू घेऊन ठेवलेलं. सयाजी म्हणाला, शहाण्या कंपन्या असंच करतात, आपल्या नावाच्या आजूबाजूची सगळी मोकळी जागा धरून ठेवतात, म्हणजे तिथं बसून कुणी नकली माल विकायला नको. मला ते पटलं. पण अण्णा, त्या कुंपणाच्या बाहेर मी होतो. शेवटी खाली कुठंतरी 'अक्काताई डॉट फॅमिली' शिल्लक दिसलं. तू दुकानाची सगळी दारं लावलीस आणि घराचं विसरलास.

घेतलं मी ते. पानावर फक्त माझा मोबाइल नंबर आणि एक ओळ टाकली, 'अक्काताईंना एक सख्खा मुलगा पण आहे.' यालाच तुझ्या वकिलीणबाई गिऱ्हाइकाची दिशाभूल म्हणतात. उलट तुझंच काम केलंय मी. रोज फोन येतात. मिरजेच्या एक बाई पाकीट फुटून आलं म्हणून तापल्या होत्या, त्यांचं मी अर्धा तास ऐकून घेतलं, त्यांच्या सुनेचंसुद्धा ऐकलं, आणि त्यांनी आणखी सहा पाकिटं घ्यायचं कबूल केलं. मी घरी फोन केला की आई मात्र तुझंच सांगते. जिनेशनं गाडीतनं कागलला नेलं, डोक्याला टोपी घालून कारखाना दाखवला, बायका पाया पडल्या. मी विचारलं, मला कधी दाखवणार? म्हणाली, तू कुठं असतोस त्यावर हाय.

तेव्हा माझा पुरावा लिहून घे. घर सोडून मी अकरा वेळा गेलो, अकराही वेळा तिनं पिशवीत चटणीचा डबा घातला. तू कधी कुठं गेलाच नाहीस, त्यामुळं तुला एकदाही मिळाला नाही. कोर्टात हेच सांगणार. नाव सोडणार नाही.

तुझा (चुलत),
वृषभ

ता. क. नाव सोडतो. सयाजी ते तुझ्या कंपनीकडं वळवायला तयार आहे. त्या बदल्यात तक्रारीच्या फोनचं काम मला दे. जयसिंगपुरातच बसून करीन, आपल्या घरात.

ता. क. दुसरा. मी परत यायचं म्हटलं तर आईला कसं वाटेल, ते काढून घे. सरळ विचारू नको. आणि मी विचारलंय असं तर अजिबात नको.

ता. क. तिसरा. आई इथं आली आहे. एकटी, एसटीनं. नोटिशीची प्रत तुझ्या टेबलावर सापडली म्हणे, ती शेजारच्या मास्तरांकडनं वाचून घेतली. आल्या आल्या म्हणाली, "नाव माझं. तू भांडतोस, त्यो भांडतोय. मला इचारलंय का कुणी?" मग सयाजीला खालनं बोलावून घेतलं आणि डॉट फॅमिली स्वतःच्या नावावर करायला बसवलंय. तुझी डॉट कॉमची कागदंपण मागवली आहेत. या पत्राचा फोटो सयाजी तुला आत्ताच मोबाइलवर पाठवतोय, ती घेऊन संध्याकाळपर्यंत ये. जिना चढल्यापासून गुडघा धरून बसली आहे, येताना तिच्या गोळ्या आण. कुठल्या ते मला माहीत नाही. तुला माहीत असतील.