ताईचं पत्र

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

दिग्दर्शकांनी दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. माझ्या कादंबरीतलं नायिकेचं पत्र सिनेमात जसंच्या तसं राहणार. शुक्रवारी नेऱ्याला शूटिंग.

ते पत्र मी लिहिलेलंच नाही. लग्नाआधी ताईने तिच्या आवडत्या मुलाला लिहिलं आणि पोचवायला माझ्याकडे दिलं. मी पळस्प्याच्या थांब्यावर बसून ते उघडलं, वहीत उतरवून घेतलं. का?

आज ताईला सिनेमाचं सांगितलं. चिडली नाही.

"पुस्तकातच ओळखलं होतं रे. तुझे भाऊजी कादंबऱ्या वाचत नाहीत, म्हणून मी गप्प बसले. पण सिनेमा एक तरी सोडतात का?"

तेवढं पत्र काढायचं. उद्या दिग्दर्शकांना सांगेन. ते म्हणतील, सगळा सिनेमा त्या पत्रावरच उभा आहे. आणि ते खरंच आहे.