काखेतल्या वहाणा

११ नोव्हेंबर ७३, रविवार

वहीची माफी मागायला हवी. गणपतीपासून एक ओळ नाही. वेळ नव्हता असं नाही. लिहायला बसलो की दत्तूबद्दल लिहावं लागेल, म्हणून बसलोच नाही.

दत्तू आमचा भाचा. कॉलेजची चारही वर्षं इथं कोपरगावला आमच्याच घरी. बास्केटबॉल संघात सगळ्यांत उंच. सामन्यांसाठी मुंबईला गेला, जेवणाच्या पंगतीत पोरांना नकला करून दाखवल्या, त्या कुणा दिग्दर्शकाच्या ओळखीतल्या माणसाने पाहिल्या. तिथंच राहिला. आता टेलिव्हिजनवर दर शनिवारी असतो.

काल पुण्यात माझे जुने स्नेही पाटणकर यांच्याकडे प्रथमच पाहिला. अर्धी आळी खोलीत. दत्तू म्हणजे साहेबाच्या बंगल्यावरचा गडी. दारातून वाकून आत आला, काखेत वहाणा. खुर्चीच्या कडेला टेकला, सोगा गुडघ्यावर ओढला आणि म्हणाला, "मला काय कळतंय, पन…" खोलीभर हशा. मीही हसलो, चांगला मोठ्याने. मग कळलं की हे आमचे दाजी.

१२ नोव्हें.

झोप नीट नाही. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, दत्तूचे वडील. कोल्हारला शेती. एकदा जत्रेत वहाणा गेल्या तेव्हापासून कुणाच्याही घरी जाताना त्या काखेत मारून आत नेतात. शिकलेल्या माणसांपुढे प्रत्येक बोलणं "मला काय कळतंय, पन" असं सुरू. पण त्या 'पन'नंतर ते जे बोलतात त्यावर मी घराची जागा घेतली, थोरलीचं लग्न ठरवलं. टेलिव्हिजनवरचा गडी 'पन'नंतर काहीतरी खुळचट बोलतो. फरक एवढाच. एवढाच?

नगरच्या सामन्याला दाजी मैदानाच्या कडेला असेच वहाणा काखेत धरून बसले होते. पोरं ओरडली, "ओ वहाणावाले!" दत्तू चेंडू हातात धरून थांबला. "माझे वडील आहेत ते," म्हणाला. पंचांनी शिट्टी फुंकली तरी हलेना.

तोच हा मुलगा.

१८ नोव्हें., रविवार

दाजी आले. नवं धोतर, खुशीत.

"मास्तर, दत्तू टेलिव्हिजनमधी काय काम करतो वो? गावात लई इचारत्यात. मी सांगितलं, सायबाच्या बंगल्यावर आसतो."

"बरोबर सांगितलंत."

"मग पुन्याला कवा नेता?"

परीक्षा, पाहुणे, थंडी, जे सुचलं ते पुढं केलं. सौ. आतून म्हणाली, "अहो, नेऊन आणा की! बाप आहेत ते." तिला सांगितलेलं नाही. पहिल्या शनिवारी नेतो, असं तोंडातून गेलं.

मी थांबवायला हवं होतं. पण काय सांगून?

२२ नोव्हें.

मुंबईला ट्रंक कॉल. पोस्टात ताटकळलो तेव्हा लागला.

म्हटलं, तुझ्या अण्णांना आणतोय पाहायला.

लाइनीवर खरखर. मग, "मामा, नका आणू."

"तर मग बदल. निदान वहाणा तरी काढ."

"सांगून पाहिलं. ते म्हणतात, लोक त्याच्यासाठीच बघतात." आणि मग, "चेष्टा नाही करत हो मी. उभं राहा म्हटलं की माझ्या अंगात अण्णाच उभे राहतात. दुसरं कुणी येतच नाही."

लाइन तुटली. दत्तू मैदानावर मान एकीकडे वळवायचा आणि चेंडू दुसरीकडे द्यायचा. आम्हाला कौतुक. हा कुठं बघत बोलतोय, हे मला आता ओळखता येत नाही. खरं बोलला असावा. मला ते खरं वाटायला हवंय, म्हणूनही वाटत असेल.

२ डिसेंबर, रविवार

पोचलो. थकलो. पण आजच लिहायला हवं.

काल पाटणकरांच्या दारात दाजींनी सवयीने वहाणा काखेत घेतल्या. आत पोरंटोरं होती. ती ओळखतील म्हणून मी घाईने म्हणालो, "दाजी, राहू द्या बाहेर. इथं कुणी नेत नाही." त्यांनी ऐकलं. माझा शब्द म्हणून ऐकलं.

कार्यक्रम झाला. सगळे हसले, दाजी नाही. रागावलेही दिसले नाहीत. गुडघ्यावरचा सोगा तेवढा सोडून दिला. पाटणकरांनी आदराने विचारलं, "काय, कसा वाटला मुलगा?"

दाजी म्हणाले, "मला काय कळतंय, पन…"

पोरं खिदळली. "अगदी तस्संच! बाबा, अगदी त्या गड्यासारखं!" पाटणकरांनी डोळे वटारले.  दाजींचं वाक्य पुरं झालं नाही.

बाहेर आलो तर वहाणा नाहीत. गर्दीत कुणी घालून गेलं असेल, एक रबरी जोड उरला होता. पाटणकरांनी तो पुढं केला. "नको. दुसऱ्याच्या पायातलं नको," म्हणाले. मुक्कामाला राहिलो. सकाळी एस.टी. स्टँडपर्यंत अनवाणी आले. वाटेत दुकानं बंद. मी चप्पल देऊ केली, ती हसण्यावारी नेली.

नगर सोडल्यावर म्हणाले, "मास्तर, ते सोंग कुनाचं हाय वो?"

"लेखकानं लिहिलंय."

"व्हय."

राहुरी मागं पडली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या लेखकाला वहाणांचं कुनी सांगितलं?"

मी तिकिटाची घडी घालत राहिलो. माझ्याकडे शब्द आहेत म्हणून पगार मिळतो.

कोल्हारला उतरले. थंडीने रस्ता गार असणार. पारापाशी कुणीतरी हाक मारली, "काय वो, दिसला का दत्तू?" दाजींनी हात वर केला. होकाराचा की नुसताच, ते कळेपर्यंत गाडी हलली.

'पन' पुढं काय होतं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

उद्या: दाजींसाठी वहाणा घेणे. माप माहीत नाही.