मधातली गाठ

मंगळवार, दिवेलागण. ऊर्जानगर.

मघाशी बाबांना खरं सांगून टाकलं. बरं केलं की वाईट, काही कळत नाही.

सकाळी डॉक्टरांनी कागदावर फुप्फुस काढलं आणि निळ्या पेनाने एक ठिपका दिला. गाठ लहान आहे, लवकर सापडली, पण मोठ्या श्वासनळीजवळ, मध्यभागी आहे. बाबांनी तेवढंच ऐकलं. जन्मभर गावच्या तलावात मासे धरलेला माणूस. बसमध्ये मला म्हणाले, "मधात हाय म्हन्जे बरं हाय. तलाव फुटते तो काठच्या पाळीकडून, मधातून नाई." मी मान हलवली. का हलवली?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन उलटंच सांगितलं होतं. कडेला असती तर छोटा तुकडा काढून भागलं असतं. मध्ये असली की जास्त भाग काढावा लागतो, आणि जवळच्या ग्रंथींत आजार लपलेला असण्याची भीतीही जास्त. दिवसभर तो निळा ठिपका डोळ्यांसमोरून हलेना. ऑपरेशनच्या कागदावर उद्या सही बाबांची, आणि माहीत फक्त मला?

शेवटी चहा देताना सगळं सांगितलं. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. मग कागदाची घडी करत म्हणाले, "तुह्या मायले गावी फोन करशीन ना?"

"काय सांगू?"

"मधात हाय, इतकंच सांगजो. तिचाबी जलम तलावावरच गेला."

केला फोन. आई म्हणाली, "चाल, काठाले नाई ना. मंग मी निवांत झोपतो आज."