छापलं तर पुस्तक, फ्लॉपीत शस्त्र

प्रिय ग्रासिएला,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लॉर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता ती पुन्हा घरभर हिंडून नवऱ्याला टोमणे मारते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे म्हणायची.

तू मागितलेला प्रोग्रॅम मी का पाठवला नाही, हे तुला अर्धवटच ठाऊक आहे. तुमच्या लष्करानं उचलून नेलेल्या माणसांच्या बायका तुमच्या कचेरीत येऊन साक्षी देतात, त्या कंप्युटरवर कुलूपबंद ठेवायला तुला तो हवा होता. पण आमच्या कायद्यानं असला, मजकूर सांकेतिक करून टाकणारा प्रोग्रॅम तोफा-रणगाड्यांच्या पंक्तीला बसतो. परवान्याशिवाय देशाबाहेर धाडला तर तुरुंग. मी म्हटलं, चोरून कशाला? राजरोस विचारू. वॉशिंग्टनला अर्ज केला, की माझ्या पुस्तकाच्या शेवटी हा प्रोग्रॅम अक्षर न अक्षर छापलेला आहे, ते परदेशी पाठवू का? उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग दुसरा अर्ज केला. तीच पानं फ्लॉपीवर घातली तर? उत्तर आलं, ते शस्त्र आहे. लॉर्ना हसून हसून बेजार. म्हणाली, "अगं बाई, आणि मी ते शस्त्र बिस्किटांच्या डब्यावर ठेवलंय!"

मी अपील केलं. फेटाळलं. मग आणखी वरच्या साहेबाकडे केलं, आणि तिथून आमच्या घरातलं हसू आटत गेलं. विद्यापीठानं माझा वर्ग काढून घेतला. आमचा विभागप्रमुख डेलबर्ट नजर चुकवत म्हणाला, "तुझं चुकलं असं कोण म्हणतंय? पण जरा दमानं घे ना, बाबा." मग समोरच्या झाडाखाली एक करडी गाडी उभी राहायला लागली. लॉर्नाचा स्वभाव तुला माहीत आहे. एका सकाळी ती काठी टेकत गेली आणि आतल्या माणसाला कॉफी देऊन आली. त्यानं कप घेतला आणि म्हणाला, "थँक्यू, लॉर्ना. गुडघा कसा आहे?" तिनं नाव सांगितलंच नव्हतं; परत येऊन तिनं सगळे पडदे ओढले. त्या दिवसापासून ती पडदे उघडत नाही.

काल दोघे सरकारी माणसं घरी आली. अदबीनं बसली, लॉर्नाच्या हातच्या केकची तारीफ केली. मी म्हटलं, मी फक्त कायदेशीर प्रश्न विचारलाय, उत्तर लेखी द्या. त्यातला वयस्कर हसला. "देऊ की, सर. पण एवढा खटाटोप ग्रासिएला ओरेयानासाठीच ना? बरी आहे ना ती? अजून बेकरीच्या वरच राहते?"

ग्रासिएला, मी एकाही अर्जात तुझं नाव लिहिलेलं नाही. आणि तू घर बदलून बेकरीच्या वर राहायला गेलीस, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. त्यांना ते कळलंय, म्हणजे तुमच्या लष्करातल्याच कुणीतरी त्यांना सांगितलंय. म्हणून हे पत्र टपालानं धाडत नाही. इथून तिकडे परतणारे फादर ऑस्कर ते तुमच्या कचेरीत तुझ्या हातात देतील. साक्षी उचल आणि त्यांच्याच गाडीत बस. कपडे, भांडी, काही आणायला बेकरीकडे जाऊ नकोस.

तुझाच,
एव्हरेट