चाच्यांचा रेडिओ

मंगळवार, संध्याकाळ. धायरी.

डोकं फिरलंय. मी लिहिलेला पॉडकास्टचा भाग आज आला आणि त्याचं नाव काय, तर ‘काकांचा रेडिओ’.

मी ‘चाच्यांचा रेडिओ’ असं लिहून दिलं होतं. साठच्या दशकात काही रेडिओवाले इंग्लंडच्या किनाऱ्यापासून लांब जहाज नांगरून परवान्याशिवाय पॉप गाणी लावायचे, म्हणून चाचे. दर आठवड्याला गाण्यांचे नंबरही लावायचे, तेही स्वतःच्या मर्जीने.

संपादन करणाऱ्या निकिताला फोन केला. ती म्हणाली, “सर, चाचे म्हणजे अंकलच ना? हिंदी वाटलं, म्हणून मराठी केलं.”

“अगं, चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर.”

“मग दरोडेखोर लिहायचं ना सर.”

काकांचा रेडिओ म्हणे. उद्या नाव बदलते म्हणाली, जणू उपकारच.

फोन ठेवला तर चुलतभावाचा मेसेज. “नाव बघितलं. बाबांवर केलास ना? आई देवळातून आली की दोघं मिळून ऐकतो.”

काका त्या काळात इंग्लंडमध्येच नोकरीला होते. परत आल्यावर जेवताना त्या जहाजावरच्या निवेदकाची नक्कल करत खालून वर नंबर सांगायचे. पहिला नंबर मात्र आमच्या ताटातली भाजी संपल्याशिवाय नाही. नाहीतर मला त्या जहाजाचं कुठून कळणार होतं?

आणि अख्ख्या भागात मी काकांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. निकिताने घेतलं. तेही चुकून.