अजबबंगल्यातला मारुती

ता. ७ जानेवारी १९३७, गुरुवार

निघालो एकदाचे! मी आणि तुळशीराम गुरव. देऊळघाटाहून मोटार, मलकापूरहून नागपूरची गाडी. काम एकच — गावचा जुना मारुती तिथे कसा आहे ते पाहून यायचं.

दोन वर्षांमागे सडक रुंद झाली, मारुतीचा पार आड आला, आणि पाटील म्हणून सही मीच केली. मूर्ती हलवताना शेंदराची खपली पडली, आत कोरीवकाम दिसलं. बुलढाण्याच्या साहेबाने ती नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे सरकारी संग्रहालयात, ठेवायला धाडली. गावाने नवा मारुती बसवला. पण कोणाची गाय आटली, कोणाची पोरगी नांदेना, की आहेच — "पाटलानं देव धाडला!" शेवटी पंचांनी आम्हाला पिटाळलं. तुळशीरामच्या पिशवीत शेंदूर, तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ.

बायकोने, कौशल्येने, दशम्या बांधून दिल्या. देवाचं नाव काढलं नाही. मारुतीचं नाव घेणं तिने सोडलं त्याला अकरा वर्षं झाली.

ता. ८, शुक्रवार

धर्मशाळेत उतरलो. आजच जाऊ म्हटलं, तर तुळशीराम अडून बसला — मारुतीला शनिवारच पाहिजे! मग शहर पाहिलं. सीताबर्डीचा किल्ला खालूनच. वर पलटण, जाऊ देत नाहीत. महालात भोसल्यांचा नगारखाना. जुम्मा तलाव. महाराजबागेत वाघ, जिवंत! तुळशीरामने हात जोडले.

"काऊन बे, तो काय देव आहे?"

"देवीचं वाहन तं आहे ना, पाटील."

गुरव तो गुरवच! पायांचे तुकडे पडले. संत्री मात्र नामी.

ता. ९, शनिवार

आंघोळ करून, उपाशीपोटी अजबबंगला. दारावर शिपायाने तेलाची बाटली ठेवून घेतली. आत पेंढा भरलेली जनावरं, भाले, नाणी, गोंडांचे दागिने. मग दगडी मूर्तींचं दालन. दोनदा फिरलो. मारुती कुठेच नाही! गावाला काय तोंड दाखवू?

शिपायाला विचारलं. "बुलढाण्याहून आलेली मूर्ती? तुमच्या मागंच तं आहे जी."

वळलो. काळा दगड. बाई बसलेली, मांडीवर मूल.

"हा आपला नाही," तुळशीराम म्हणाला. "आपला मारुती शेंदरी."

शिपाई हसला. "शेंदूर खरवडला जी. दोन टोपल्या निघाला."

तुळशीरामने इकडेतिकडे पाहून मूर्तीच्या खांद्यामागे हात घातला. तिथे शेंदूर कधी लागत नसे, आणि एक खाच होती. आंघोळ घालताना बोट त्यात अडायचं, त्याच्या बापाचंही. बोट गेलं, आणि गड्याने हात मागे घेऊन कान धरले. "पाटील, हेच आहे. आमी पिढ्यान्‌पिढ्या बाईले मारुती म्हणून..."

मी उभाच. मला दुसरंच दिसत होतं. अकरा वर्षांमागचा चैत्र. निवृत्ती तीन वर्षांचा, तापाने फणफणलेला. वैद्याने हात टेकले. कौशल्या भर दुपारी पारावर चढली आणि मारुतीला मिठी मारून बसली. बाईमाणूस मारुतीला शिवली! गाव गोळा झालं. मीच तिला दंडाला धरून खाली ओढलं. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. आणि मी चार माणसांत म्हणालो — तू देव बाटवलास, म्हणून माझा मुलगा गेला.

आणि ही तर लेकुरवाळी! आई. कौशल्येने आणखी कोणाकडे जायचं होतं? मी पाटील कसला, गाढव. तिथेच रडू फुटलं. शिपाई बिचारा पाणी घेऊन आला.

ता. १०, रविवार

परतीची गाडी. शेंदूर आणि माळ तशीच पिशवीत. तुळशीराम म्हणतो, "गावात बोलू नका. नवा मारुती आत्ता कुठी बसला. लोक मले जोड्यानं हाणतील." बरं म्हटलं.

ता. ११, सोमवार

चावडीवर सगळे जमले. "देव कसा आहे?" म्हटलं, सुखात आहे, शहरात आहे, छप्पर आहे डोक्यावर. एकही शब्द खोटा नाही. पंचांपैकी अर्जुनरावांनी तर पाठ थोपटली — "गावावरचं ओझं उतरलं, पाटील."

घरी कौशल्या समोर बसून वाढत होती. तोंडाशी आलेलं घासाबरोबर गिळलं. तिला नाही सांगितलं तर माझ्यासारखा नीच मीच. सांगितलं तर अकरा वर्षं तिला परत कुठून आणून देऊ?

ता. १२, मंगळवार

आजही नाही झालं.

ता. १३, बुधवार

सांगितलं. मांडीवर मूल आहे इथवर सगळं. माझं चुकलं, हेही म्हणालो. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. मिठी मारली तवा शेंदराखाली लेकराचं डोकं हाताले लागलं. तेच तं सांगाले लागली होती — थे माय आहे म्हणून. तुमी बोलू कुठी देल्लं?"

खरं आहे. नव्हतं बोलू दिलं.